आराखड्यावरची सही

बांधकामावरून मजूर पडून मेला, की ‘तोल जाऊन’ हे शब्द नोंदीत बहुधा ठरलेलेच असतात. परांचीला कठडा का नव्हता, तो कोणी वाचवला, ही विचारणा मुकादमापाशी येऊन थांबते. ज्याने आराखडा काढला आणि ज्याने कामाचे वेळापत्रक आखले, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

आराखड्याचे मोल लातूरला नव्याने सांगण्याची गरज नसावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे अंगावर येऊन. पुढे भूकंपरोधक घरांचा बोलबाला झाला. परंतु घर बांधताना त्यावर चढणाऱ्या माणसाचा विचार त्यात क्वचितच आला.

नांदेडात 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी मोठी कामे ठरल्या तारखेआत उभी करायची होती. अशा वेळी व्यवस्थापकाची खरी परीक्षा असते. तारीख मंत्र्यांना समजते, काँक्रीटला समजत नाही. साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सर्वसाधारणपणे 14 दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. ते दहाव्या दिवशी काढण्याचा हुकूम मजूर देत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याखालील 1998 च्या केंद्रीय नियमांनी वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता आणि अभिकल्पकार यांच्यावर नियोजनाच्या टप्प्यातच कामगारांच्या सुरक्षेचा विचार करण्याचे कर्तव्य घातले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या 2020 च्या संहितेतही ते कायम आहे. मात्र समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे 1 ऑगस्ट 2023 रोजी गर्डर बसवणारे यंत्र कोसळून 20 जण गेले, तेव्हा 1998 चे नियम लागू होऊन जवळपास पाव शतक लोटले होते.

छताच्या कडेला दोर अडकवण्याचे कडे, लिफ्टच्या पोकळीवर तात्पुरते झाकण, उंच कठडा: या गोष्टी कागदावर रेघ ओढताना जवळपास फुकट असतात. काम सुरू झाल्यावर त्या कंत्राटदाराला महाग वाटतात, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत तर त्यांना जागाच उरत नाही. म्हणून नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिकांनी परवानगी देताना सुरक्षेचा वेगळा नकाशा अभिकल्पकाराच्या सहीनिशी मागावा, आणि स्वतःच्या निविदांत त्या खर्चाची रक्कम दरस्पर्धेबाहेर ठेवावी. अपघाताच्या चौकशीत पहिला कागद तोच काढला जावा.