घराची किंमत आणि वस्तीचे मोल

मुंबईच्या लोकल गाड्यांच्या डब्यांत आणि स्थानकांबाहेरच्या फलकांवर घरांच्या ज्या जाहिराती लागतात, त्यांत घराविषयी फारसे काही नसते. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, क्लब हाऊस, परदेशी नावाचे भव्य प्रवेशद्वार, आणि तळाशी बारीक अक्षरांत स्थानकापासूनचे अंतर, तेही मिनिटांत दिलेले. ही मिनिटे कोणत्या वाहनाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजली, हे सांगण्याची जबाबदारी कोणावर नसते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, घरातले दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज एवढे सारे ओतून जे कुटुंब घर घेते, त्याच्या निर्णयाला आधार म्हणून एवढाच मजकूर पुरेसा आहे, असे बांधकाम व्यवसायाने गृहीत धरलेले दिसते.

चळवळीतही या प्रश्नाकडे पाहण्याची रीत जरा चमत्कारिक आहे. घरबांधणीचे धोरण ठरावांत असते, झोपडपट्टीवासीयांचा प्रश्न मोर्चांत असतो. पण एखाद्या शिक्षकाने, परिचारिकेने किंवा बेस्टच्या वाहकाने घर कोठे घ्यावे, हा त्याचा खाजगी मामला समजला जातो. वस्तुतः घराची जागा निवडताना ते कुटुंब पुढील तीस वर्षांचे आपले मोकळे तास, मुलांची शाळा, आजारपणातले रुग्णालय आणि घरातल्या स्त्रीची नोकरी या साऱ्यांचाच निर्णय करीत असते. दूरच्या नव्या संकुलात त्याच पैशात एक खोली अधिक मिळत असली तरी, ज्याला ओढाताण करून का होईना परवडेल त्याने जुन्या, वसलेल्या उपनगरातले लहान घर पत्करावे. आणि याचे कारण जुन्या वस्तीविषयीची हळवी माया हे नाही.

प्रथम वेळेचा हिशेब. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुलुंड सुमारे ३१ किलोमीटरवर आहे, बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर. गाडीची वाट पाहणे, पहिली गाडी सोडून देणे, उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभे राहणे हे सारे धरले, तर उंबरठ्यापासून कचेरीपर्यंतच्या प्रवासात या दोन ठिकाणांत प्रत्येक फेरीला पाऊण तासाचा फरक पडतो, असे मानणे सौम्यच ठरेल. म्हणजे दिवसाला दीड तास. कामाचे दिवस वर्षाला २८० धरले तर ४२० तास. आठ तासांच्या पाळीने मोजल्यास कामाचे ५२ दिवस. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठवड्यामागे सहा तासांच्या या सवलतीसाठी कामगार चळवळीला किती झगडावे लागले, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. घर आणि कामाची जागा यांच्यातील वाढलेले अंतर तेवढे तास, किंबहुना त्याहून अधिक, परत घेऊन जाते. आणि त्याविरुद्ध मागणीपत्र कोणाकडे द्यावयाचे, हेही ठाऊक नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या लोकल परस्परांशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काही दगावले. ती माणसे हौसेने दारात उभी नव्हती.

या हिशेबात स्त्रीचा वाटा निराळा मांडावा लागतो, कारण तिचा दिवस कचेरीत संपत नाही. जुन्या उपनगरात हाकेच्या अंतरावर पाळणाघर असते. बहुधा ते पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या बाईंनी आपल्याच बाहेरच्या खोलीत चालविलेले असते. पोळीभाजी केंद्र असते, गिरणी असते, सायंकाळी स्थानकातून घरी येताना वाटेवर भाजी असते. शाळेतून पायी परतणारे मूल कोणाच्या तरी नजरेत असते. यांपैकी एकही गोष्ट नकाशावर दाखविता येत नाही; पण दुसरे मूल झाल्यावर तिची नोकरी टिकते की सुटते, हे पुष्कळदा यांवरच ठरते. नव्या संकुलात पोहण्याचा तलाव असतो, परंतु तापाने फणफणलेले मूल दुपारी चार तास ठेवावयाचे कोठे, याचे उत्तर सापडायला दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. तोवर मूल मोठे झालेले असते.

ही उत्तरे जुन्या वस्तीत आली कोठून, हा खरा प्रश्न आहे. जमिनीच्या मालकाने ती आणलेली नाहीत आणि बांधकाम कंत्राटदाराने तर नाहीतच. विलेपार्ल्याचे उदाहरण घ्यावे. पार्ले टिळक विद्यालय १९२१ साली निघाले, लोकमान्य सेवा संघ १९२३ साली. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावे काही उभारावे म्हणून रहिवाशांनी वर्गण्या गोळा केल्या, घरोघरी हिंडून माणसे जोडली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याची छावणी गाजली. पुढे वाचनालये, व्याख्याने, नाट्यगृह, व्यायामशाळा अशी भर पडत गेली. आज पार्ल्यातील जागेला जो भाव सांगितला जातो, त्यात त्या वर्गण्यांचाही भाव मिसळलेला असतो. मात्र तो वसूल करणाऱ्याने कधी पावती फाडलेली नसते. (ज्या बिस्किटांनी पार्ल्याचे नाव देशभर खेडोपाडी नेले, तो १९२९ चा कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. वस्ती सुस्थितीत राहिली आणि तिच्यातला कामगार मात्र निघून गेला, हा जुन्या उपनगरांच्या इतिहासाचा दुसरा पदर होय.)

गोरेगावची हकिकत समाजवादी कार्यकर्त्यांना अधिक जवळची आहे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली उपनगरांत शिरली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. गोरेगाव शहरात आले. परंतु शहराचे पाणी त्याच्या मागोमाग आले नाही. त्यासाठी हंडे घेऊन बायकांना महापालिकेवर जावे लागले. १९६१ साली नगरसेविका झालेल्या मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' हे नाव मिळाले ते या लढ्यातून. केशव गोरे यांच्या १९५८ मधील निधनानंतर त्यांच्या नावाने जे स्मारक उभे राहिले, तेथे आजही सभा भरतात आणि वर्ग चालतात. गोरेगावातल्या जुन्या सोसायटीत आज जे कुटुंब घर घेते आणि सकाळी नळ सोडते, त्याला या इतिहासाची दखल असेलच असे नाही. नळाला पाणी येते, एवढेच त्याला दिसते. पण विकत घेण्याजोगे जे काही तेथे आहे, त्याचा मोठा हिस्सा या प्रकारे घडलेला आहे: कूपर आणि राजावाडीसारखी पालिकेची रुग्णालये, मंडई, मैदान, वीस-पंचवीस वर्षे एकाच शाळेत शिकविणारे शिक्षक. समाजाने उभे केलेले हे धन आहे.

येथेच या सल्ल्याची अडचणही सुरू होते. समाजाने घडविलेल्या वस्तीची किंमत समाजाला मिळत नाही. ती जमिनीच्या भावात चढते आणि जमीन ज्याच्या हाती आहे त्याच्या खिशात जाते. म्हणून ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्याच नातवंडांना त्या वस्तीत घर परवडत नाही आणि ती विरार, टिटवाळा, वांगणीकडे सरकतात. त्यांना 'जुने उपनगर निवडा' असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. दूरच्या टोकाला त्यांच्या वाट्याला काय येते, हे नालासोपाऱ्यात दिसले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. आरक्षण डावलून मजल्यांवर मजले चढत होते तेव्हा पालिका झोपली होती. जागी झाली ती कुटुंबे राहावयास आल्यानंतर.

तरीही हे असेच घडणे अटळ होते, असे मानण्याचे कारण नाही. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा अंमलात असताना मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत अतिरिक्त जमिनीची मागणी लावून धरली आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी केली. वसलेल्या उपनगराच्या लगत, स्थानकाच्या टप्प्यात, सामान्य नोकरदाराला घर मिळू शकते, हे त्या प्रयोगाने दाखविले. २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. पळवाटांनी तो पोखरला होता हे खरे. परंतु पळवाटा बुजविण्याऐवजी भिंतच काढून टाकण्यात आली.

ज्यांना निवड करणे शक्य आहे, त्यांनीही जुनी वस्ती डोळे मिटून घेऊ नये. जुनी इमारत म्हणजे पुनर्विकास, हे समीकरण आता पक्के झाले आहे. त्यामुळे घर पाहताना फरशी आणि रंग यांपेक्षा सोसायटीचे दप्तर पाहणे अधिक महत्त्वाचे. भोगवटा प्रमाणपत्र आहे काय? जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय? कित्येक सोसायट्यांत चाळीस चाळीस वर्षे हप्ते व कर भरूनही जमीन कागदोपत्री मूळ मालकाची किंवा बिल्डरचीच असते. त्यासाठी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली, पण अर्ज करण्याचा आळस पुष्कळांनी सोडलेला नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे; तिचा अहवाल मागावा. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते वाचावीत. सभेला माणसे येतात की सचिवच एकटा सह्या गोळा करीत फिरतो, हे त्यांत कळते. आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, पाणी कोठवर चढले होते, हे तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशाला विचारावे. नव्या संकुलात हे सांगणारा कोणी नसतो.

पुनर्विकासाचा करार झालेला असेल तर अधिकच सावध राहावे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील पत्रा चाळीच्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारावर विश्वास ठेवून घरे सोडली आणि दीड दशकाहून अधिक काळ ती परतीची वाट पाहत राहिली. मध्यंतरी भाडे थांबले, काही वृद्ध नव्या घराची किल्ली न पाहताच गेले. प्रकल्प पुरा झाला तरी प्रश्न संपतात असे नव्हे. तीन मजल्यांची इमारत जाऊन बावीस मजल्यांची आली की उद्वाहन, पंप, पहारेकरी आणि वाहनतळ यांचा देखभाल खर्च दरमहा येतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला स्वतःच्याच मोठ्या झालेल्या घरात राहणे जड जाते. ते घर विकतात आणि जातात. वस्तीचे नाव तेच राहते, भावही वाढतो.

जुन्या उपनगरांचा आणखी एक दोष झाकून ठेवण्यासारखा नाही. यांतील पुष्कळ वसाहती जातीजमातींच्या सहकारातून उभ्या राहिल्या. देशातील आरंभीची सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ओळखली जाणारी गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. त्या काळी गावाहून आलेल्या माणसाला शहरात पाय टेकण्यासाठी ज्ञातीचाच आधार होता, हे समजण्यासारखे आहे. शंभर वर्षांनीही आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारून दार लोटले जात असेल, तर 'सुसंस्कृत वस्ती' या शब्दाचा अर्थ तपासावा लागेल. मुसलमान कुटुंबाला, दलित कुटुंबाला हा अनुभव सर्रास येतो; दलालच आधी सांगून मोकळा होतो की तेथे जमणार नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवण्याची उपविधीतील अट ग्राह्य धरली. सहकाराच्या तत्त्वाला त्या निकालाने बळ दिले, असे म्हणता येत नाही.

परंतु बहुतेक सोसायट्यांच्या उपविधींत अशी अट लिहिलेलीच नसते. ती तोंडी चालते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातील कलम २३ खुल्या सभासदत्वाविषयीचे आहे. पुरेशा कारणावाचून पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही. त्यावरची रक्कम 'देणगी' या नावाने मागितली जाते आणि घर हातचे जाईल या भीतीने लोक ती मुकाट्याने देतात. अर्जाची पोच घेणे, नकार लेखी मागणे, अपिलाचा मसुदा करून देणे, निबंधकाच्या कचेरीत त्या कुटुंबासोबत जाऊन बसणे, ही कामे उपनगरातल्या कोणत्याही शाखेला करता येण्याजोगी आहेत आणि त्यांना मोर्चाइतकी माणसेही लागत नाहीत.