आराखडा मुक्त, पण बोर्ड कोणाचा?

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जेथे फुटतो ते वडखळ बहुतेक मुंबईकरांना ठाऊक आहे ते वाहनांच्या रांगांमुळे. शेजारच्या डोलवीतील पोलाद कारखान्याच्या चिमण्याही जाता-येता दिसतात. मात्र रस्ता सोडून खाडीच्या अंगाला गेले, की खारेपाट सुरू होतो आणि तेथील शेतीचे गणित भरती-ओहोटीवर चालते. खाडीचे पाणी अडवायला बांध आणि शेतातले पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी, ही तेथील जुनी व्यवस्था. बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ती जमीन पुन्हा लागवडीस येण्यास पुढे किती हंगाम जातील, याचा नेम राहत नाही.

उघाडीपाशी पाण्याची पातळी मोजून ती वाढताच गावातील दहा-वीस मोबाइलवर संदेश धाडणारे यंत्र बसवायचे ठरवले, तर त्यात अवघड असे फारसे काही नाही. पातळी मोजणारा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, सिमकार्ड घेणारा मोडेम, सौर पट्टी आणि बॅटरी एवढ्यावर काम भागते. हे सारे एकत्र जोडणारा सर्किट बोर्ड कोणी आखायचा आणि त्याचा आराखडा कोणाच्या ताब्यात राहायचा, हा खरा प्रश्न आहे. तो तांत्रिक वाटला, तरी त्याचे मूळ सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात आहे.

सरकारी निविदेतून असे यंत्र येते तेव्हा ते बंद पेटीच्या रूपात येते. खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या बारीक रेषा गंजतात, जोडण्या सुटतात आणि दोन पावसाळ्यांत यंत्र मुके होते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आराखडा नसतो, म्हणून ‘कार्ड गेले, नवे टाका’ एवढेच तो सांगू शकतो. पुरवठादाराने ते उत्पादन बंद केले असेल, तर नवे कार्डही मिळत नाही आणि पुन्हा निविदा काढावी लागते. आराखडा खुला असता, तर पेणमधील एखादा कारागीरही बोर्डावर खाऱ्या हवेपासून वाचवणारा संरक्षक थर चढवू शकला असता आणि गंजणारी जोडणी बदलून पुढची आवृत्ती छापून घेऊ शकला असता.

असा आराखडा काढण्यासाठी आज परवान्यापोटी एक रुपयाही मोजावा लागत नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे अध्यापन करणाऱ्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ‘कायकॅड’ हे सॉफ्टवेअर लिहावयास घेतले. युरोपातील अणुसंशोधन संस्था ‘सर्न’ने २०१३ पासून त्याच्या विकासात हातभार लावला आणि एका अध्यापकाची ही धडपड उद्योगांनाही विचारात घ्यावी लागेल, अशा पातळीवर पोहोचली. प्रथम परिपथाची आकृती काढायची, मग प्रत्येक सुट्या भागाला बोर्डावरील जागा द्यायची आणि तांब्याच्या रेषा आखायच्या, असा त्याचा क्रम असतो. अखेरीस ‘गर्बर’ पद्धतीच्या फायली तयार होतात. त्या बोर्ड छापणाऱ्या कोणत्याही कारखान्याला समजतात, मग तो शेन्झेनचा असो वा पुण्याचा.

आपल्याकडेही या क्षेत्रात काम झाले आहे आणि तेही वडखळपासून फार दूर नव्हे, पवईत. आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘ई-सिम’ हे साधन घडवले. त्याचे पूर्वीचे नाव ‘ऑस्कॅड’. आकृती काढणारे कायकॅड आणि परिपथ प्रत्यक्ष कसा वागेल याचे गणित करणारे ‘एनजीस्पाइस’ यांची त्यात सांगड घातली आहे. या एनजीस्पाइसचे मूळ १९७० च्या दशकात बर्कले विद्यापीठात लिहिलेल्या ‘स्पाइस’मध्ये आहे. त्या विद्यापीठाने ते कुलूपबंद न ठेवता वाटले, म्हणून पन्नास वर्षांनंतर पवईतील विद्यार्थ्यांना त्यावर इमारत उभारता आली. फॉसीला पैसा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा, म्हणजे करदात्यांचा, आणि त्यातून निघालेले साधन कोणालाही खुले आहे. सार्वजनिक खर्चाचा हिशेब इतका सरळ क्वचितच जुळतो.

तरीही अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत महागड्या व्यापारी सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या जातात. नोकरीच्या बाजारात तीच नावे विचारली जातात, हे त्याचे समर्थन. ते अगदीच पोकळ नाही. पण परक्याच्या फाइल-पद्धतीत कोंडलेल्या आराखड्याचे काय होते, याचा धडा ‘ईगल’ने दिला आहे. छोट्या कार्यशाळांचे हे आवडते सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनीने २०१६ मध्ये विकत घेतले, २०१७ मध्ये ते वर्गणीवर नेले आणि जून २०२६ नंतर ते स्वतंत्रपणे चालू राहणार नसल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. ज्यांची वर्षानुवर्षांची रेखाटने त्यात अडकली होती, त्यांना स्थलांतर करणे भाग पडले.

अर्थात, मुक्त सॉफ्टवेअरचे सूत्र हार्डवेअरला जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रोग्रामची प्रत फुकट निघते, बोर्डाची निघत नाही. तांबे, रसायने, सुटे भाग आणि ते बसवणारे हात यांची किंमत मोजावीच लागते. शिवाय बोर्डाचा आराखडा कितीही खुला असला, तरी त्यावरील चिप बहुधा बंदच असते. २००५ च्या सुमारास इटलीतील इव्रिया येथे जन्मलेल्या ‘आर्दुइनो’ने खुल्या बोर्डाची कल्पना जगभरच्या वर्गांत नेली. त्याच्या नकला मूळ बोर्डापेक्षा कितीतरी स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्याच नकलांमुळे तो आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने ही कंपनी घेत असल्याची घोषणा केली, तेव्हा खुलेपणाचे पुढे काय, अशी चिंता व्यक्त झाली. तथापि, एकदा मुक्त परवान्याने प्रसिद्ध झालेला आराखडा मालक बदलल्याने परत घेता येत नाही. सर्नने २०११ मध्ये हार्डवेअरसाठी स्वतंत्र परवाना तयार केला आणि २०२० मध्ये त्याचे तीन प्रकार केले, ते याच बारकाव्यांसाठी. सुधारणा करणाऱ्याने ती पुन्हा खुली करावी की नाही, हे त्यातून ठरवता येते.

दिल्लीचे लक्ष मात्र कारखान्यांवर आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तीत बहुस्तरीय सर्किट बोर्डांचाही समावेश आहे. हे आवश्यकच होते. पण मोठा कारखाना मोठ्या मागणीसाठी चालतो. वडखळच्या उघाडीला लागणारे पाच-दहा साधे बोर्ड त्याच्या खिजगणतीत नसतात. चिनी कारखाने अशी किरकोळ मागणीही काही डॉलरमध्ये घेतात आणि त्यामुळे आपला नवशिक्या रेखाटनकार पहिला बोर्ड तेथूनच मागवतो. आराखडा पवईच्या साधनावर आणि छपाई शेन्झेनमध्ये, अशी ही विचित्र स्वदेशी आहे.

केंद्राने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा विषय सॉफ्टवेअर आहे, बोर्डाचा आराखडा नव्हे. खुल्या आराखड्याची हमी कोण देणार, यंत्र बंद पडल्यास जबाबदार कोण, हा अधिकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे आणि मुक्त हार्डवेअरचे समर्थक तो फार हलक्यात घेतात. पण हमी आणि गुप्तता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुरवठादाराने पाच वर्षांची हमी द्यावी आणि आराखडाही द्यावा, अशी अट निविदेत घालण्यास कोणाची आडकाठी आहे? रस्त्याच्या कंत्राटदाराकडून नकाशे घेतलेच जातात.

मनुष्यबळाची सबबही पुरती पटणारी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली आणि ग्रामीण मुलांच्या हाती अशी साधने आली. रायगडात तर याच महामार्गावर वडखळच्या दक्षिणेस लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. अखेरच्या वर्षाचे प्रकल्प त्या महाविद्यालयांत दरवर्षी होतात, बांधणी केलेले अहवाल कपाटात जातात आणि बोर्ड धूळ खात पडतो. आकृती, गर्बर फायली आणि सुट्या भागांची किमतींसह यादी सार्वजनिक केल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प स्वीकारायचा नाही, एवढा नियम विद्यापीठाने केला, तर खारभूमीच्या बांधासाठी यंत्र शोधणाऱ्या अभियंत्याला पहिली रेघ स्वतः ओढावी लागणार नाही.