निरोप गेला, पोंचला नाहीं

या सदरांत आम्ही बहुधा घरांतल्या लहानसहान गोष्टींचा विचार करीत असतों. आजची गोष्टहि घरांतलीच. मात्र तिचें मूळ कचेरींत आहे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

आमच्या धाकट्या सूनबाई भूमकडील डोंगराळ भागांत एका आरोग्य केंद्रांत औषधें व लसी सांभाळण्याच्या कामावर आहेत. गेल्या श्रावणांत एका मंगळवारीं त्या नऊच्या सुमारास केंद्रावर जातात न जातात, तोंच एका वस्तीवरून आशाताईंचा फोन आला : "ताई, बाया पोरांना घेऊन अंगणवाडींत बसल्यात, लस कुठंय?" बुधवारचें लसीकरण मंगळवारीं घ्यावें, असा नव्या साहेबांचा निरोप आदल्या रात्रीं व्हॉट्सॲपवर निघाला होता. तो आशाताईंना कळला, त्यांच्याकडून बायांना कळला; ज्यांच्या हातीं शीतपेटी, त्यांनाच काय तो कळला नव्हता! लस दोन ते आठ अंशांतच राहावी लागते. पेटींतल्या बर्फाच्या लाद्या आधीं रात्रभर गोठवाव्या लागतात. ऐन वेळीं कांहींच होण्यासारखें नव्हतें. दुपारपर्यंत वाट पाहून बाया उन्हातान्हांतून परत गेल्या, आणि गुरुवारीं सूनबाईंच्या हातीं 'कारणें दाखवा' नोटीस पडली. खुलासा चोवीस तासांत द्यावयाचा होता.

"सारा दिवस तो मोबाईल हातांत, आणि कामाचा तेवढा निरोप दिसूं नये?" असे आमच्या मंडळींचे उद्गार. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, तो निरोप मला आलाच नाहीं."

वाक्य साधें, पण सिद्ध करणें कठीण. आला असेल तर दाखवितां येतो. न आलेली वस्तु कोण कशी दाखविणार?

माझे वडील सांगत कीं, निजामी अमलांत धाराशिवहून बार्शीस पत्र धाडणें म्हणजे परमुलुखांत पत्र धाडणें होतें. निजामाचीं तिकिटें निजामाच्या हद्दींतच चालत, बार्शी इंग्रजांकडे. पण पत्र रेंगाळलें तर तें कोणत्या कचेरींतून कोणत्या दिवशीं गेलें, हें पाकिटावरचे शिक्के पाहून समजे. रजिस्टर पत्राला सहीची पोंचपावती मिळे. तें रजिस्टर पोस्टहि २०२५ सालीं स्पीड पोस्टांत विलीन झालें. मला वाटलें, या नव्या डाकेलाहि कोठें तरी शिक्के असतीलच. सुट्टीसाठीं पुण्याहून आलेल्या नातवाला मीं समोर बसविलें.

शिक्के आहेत. संदेशाखालीं घड्याळाचें चित्र असेल, तर तो पाठविणाऱ्याच्याच मोबाईलमधून निघालेला नाहीं. एक टिक म्हणजे तो कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेला. दोन टिका म्हणजे घेणाऱ्याच्या मोबाईलवर उतरला. त्या निळ्या झाल्या कीं उघडला गेला. ही निळाई २०१४ च्या नोव्हेंबरांत आली. ग्रुपांत मात्र सर्वांच्या सर्व सभासदांच्या मोबाईलवर संदेश उतरल्याखेरीज दुसरी टिक दिसतच नाहीं. यास्तव पन्नास जणांच्या ग्रुपांत एकाचा मोबाईल बंद असला तरी एकच टिक राहते, व धाडणारा उगाच सर्वांवर चिडतो. संदेशावर बोट दाबून 'माहिती' उघडली कीं कोणास मिळाला व कोणास नाहीं, ही यादी दिसते. न उतरलेला संदेश सर्व्हरवर तीस दिवस वाट पाहतो, मग पुसला जातो.

मग नातवानें सूनबाईंचा मोबाईल तपासावयास घेतला. बालाघाटाच्या घड्यांतून जातांना रेंज जाते, हा पहिला संशय. पण रेंज आली कीं अडलेले संदेश आपोआप येतात, आणि सूनबाई तर त्या रात्रीं धाराशिवांत घरींच होत्या. दुसरा संशय बॅटरीचा. अँड्रॉइडच्या २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून मोबाईल बराच वेळ पडून राहिला कीं डुलकी घेतो, व कित्येक कंपन्या तर बॅटरी वाचविण्याच्या भरांत ॲपला पडद्याआड चालूंच देत नाहींत. मग उघडल्याखेरीज संदेश येत नाहीं. सेटिंगमध्यें जाऊन त्या ॲपवरचा बॅटरीचा निर्बंध काढावा, त्यास पडद्याआड डेटा वापरूं द्यावा, 'सक्तीनें थांबवा' हें बटण सवयीनें दाबूं नये. तारीख-वेळ चुकलेली असली तरी ॲप जोडलें जात नाहीं. मोबाईलमध्यें जागा उरली नसेल तर मजकूर येतो, पण सोबतचें परिपत्रक उतरत नाहीं. कधीं 'या संदेशाची वाट पाहत आहे' असें दिसतें. तेथें दोष सहसा घेणाऱ्याकडे नसतो. २०१६ पासून प्रत्येक संदेश कुलुपांत बंद होऊन येतो, आणि किल्ली जुळली नाहीं तर धाडणाऱ्याचा मोबाईल पुन्हां जोडला जाईपर्यंत थांबावें लागतें. त्याला फोन करून ॲप उघडावयास सांगावें, हाच उपाय. आणि सर्वांचेंच अडलें असेल तर स्वस्थ बसावें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं सहा तासांच्या आसपास सगळ्या जगाचें अडलें होतें.

एवढी झडती झाली, दोन-तीन निर्बंध काढले, आणि मीं माझ्या मोबाईलवरून चांचणीचा संदेश धाडला. तत्क्षणीं पोंचला! म्हणजे मोबाईल निर्दोष. आमच्या मंडळींनीं माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें मला समजलें.

नातवानें मग एक नेमका प्रश्न विचारला : "काकू, साहेबांनी तो निरोप ग्रुपमध्ये टाकला होता का?" नव्हता. ग्रुपांत सकाळ-संध्याकाळ देवांचीं चित्रें व 'शुभ सकाळ' इतकें येतें कीं कामाचें परिपत्रक त्यांत बुडून जातें. कंटाळून साहेबांनीं ब्रॉडकास्टची यादी केली होती. तींत एकच निरोप प्रत्येकास स्वतंत्र पत्रासारखा जातो. पण या सोयीस एक अट आहे, व ती फार थोड्यांस ठाऊक असते : घेणाऱ्याच्या मोबाईलमध्यें धाडणाऱ्याचा नंबर सेव्ह असला तरच निरोप उतरतो, नाहींतर नाहीं. साहेब नुकतेच बदलून आलेले. ज्या आशाताईंना त्यांच्याशीं कामानिमित्त बोलावें लागलें, त्यांनीं नंबर सेव्ह केला होता. सूनबाईंच्या मोबाईलमध्यें 'साहेब' या नांवाखालीं अजून जुने साहेबच होते.

सूनबाईंनीं दोघी-चौघी सहकारी भगिनींना फोन करून विचारलें. जिच्याकडे नंबर, तिला निरोप. जिच्याकडे नाहीं, तिला नाहीं. अपवाद एकहि नाहीं.

खुलासा मीं लिहून दिला. लिहितांना न्यायालयांचे दोन निर्णय आठवले. मुंबई उच्च न्यायालयांत २०१८ च्या जूनमध्यें न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं, व्हॉट्सॲपवर धाडलेली नोटीस समोरच्यानें नुसती घेतलीच नव्हे तर उघडून पाहिली हें त्या खुणांवरून दिसतें, म्हणून ती बजावली गेली असें धरलें. उलट २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें पोलिसांना बजावलें कीं, आरोपीस हजर राहण्याची नोटीस कायद्यांत सांगितल्या रीतीनेंच द्यावी. व्हॉट्सॲप तिचा पर्याय नव्हे. मला या दोहोंत विरोध दिसत नाहीं. जेथें माणसाचें कांहीं जावयाचें असतें, तेथें तो निरोप मिळाला हें दाखविण्याचा भार धाडणाऱ्यावर असावा. आमच्या कचेऱ्यांत तो घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो, आणि घेणारी बाई असली तर घरींहि तिच्याच डोक्यावर. खुलाशांत मीं निर्णयांचा उल्लेख केला नाहीं. साहेबांशीं भांडावयाचें नव्हतें. एवढेंच सुचविलें कीं, त्या रात्रीच्या ब्रॉडकास्टची 'माहिती' उघडून कोणास निरोप उतरला हें कृपया पाहावें.

साहेबांनीं पाहिलें. यादींतल्या बऱ्याच नांवांपुढें कांहींच नव्हतें. नोटीस दप्तरीं दाखल झाली. आतां वेळ बदलण्याचा निरोप असेल तर ते फोनहि करतात. त्या मंगळवारच्या पोरांपैकीं बहुतेकांना पुढच्या बुधवारीं लस मिळाली. एक बाई तेवढी ऊसतोडीच्या उचलीसाठीं मुकादमाकडे गेली होती, तिच्या घरीं आशाताई दोनदां जाऊन आल्या.

आमच्या मंडळींनीं सूनबाईंस बोललेले शब्द परत घेतले नाहींत. मात्र त्या रात्रीं ताट वाढतांना तूप जरा सढळ हातानें पडलें. आणि सूनबाईंच्या मोबाईलमध्यें आतां तीन नांवें आहेत : 'साहेब (जुने)', 'साहेब (हल्लींचे)', आणि नंबराची जागा रिकामी ठेवलेलें 'साहेब (पुढचे)'. बदल्या एप्रिल-मेमध्यें होतात.