विश्लेषण : स्पायडरमॅन आणि रियूची जोडी घरी आल्यावर का तुटली? 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' परत यायला इतकी वर्षं का लागली?

नव्वदच्या दशकात नाणं टाकून गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, पहिलं नाव 'मुस्तफा' येईल. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कंपनी जपानची कॅपकॉम. त्याच कंपनीने १९९८ मध्ये 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' आर्केडमध्ये आणला. एका बाजूला स्पायडरमॅन, वुल्व्हरिन. दुसऱ्या बाजूला 'स्ट्रीट फायटर'चे रियू आणि चुन-ली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो सहा जुन्या खेळांसह एका संचात पुन्हा विक्रीला आला. पण मधल्या काळात काय झालं?

टॅग-टीम म्हणजे नेमकं काय?

खेळाडू दोन पात्रं निवडतो. एक लढतं, दुसरं बाहेर थांबतं. मार बसू लागला की बटण दाबून जोडीदाराला आत बोलवायचं. बाहेर गेलेल्याची थोडी ताकद तेवढ्यात भरून येते. कुणाला कधी बदलायचं, यावरच अर्धा सामना जिंकला जातो.

ही अदलाबदल क्षणात व्हायची, तर चारही पात्रांच्या प्रत्येक हालचालीची चित्रं मेमरीत तयार हवीत. आर्केडच्या यंत्रात ती सोय होती. घरच्या कन्सोलमध्ये नव्हती.

मग घरी काय आलं?

पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी फक्त २ एमबी. चार पात्रं त्यात मावेनात. त्यामुळे तिथे जोडीदार येऊन एखादा फटका मारून परत जायचा, लढायला उभा राहायचा नाही. खरी अदलाबदल हवी, तर दोन्ही बाजूंना त्याच दोन पात्रांची जोडी घ्यावी लागे. नाव तेच, चित्रं तीच, पण खेळाचा जीवच काढून घेतलेला.

सेगाने वेगळी वाट काढली होती. आधीच्या 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'साठी जपानमध्ये सॅटर्न कन्सोलला ४ एमबीची जादा मेमरी कार्ट्रिज जोडावी लागे. पुढच्या ड्रीमकास्टमध्ये मुख्य मेमरीच १६ एमबी होती, आणि १९९९ मध्ये 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' तिथे जवळपास आर्केडसारखाच उतरला. दुर्दैव असं, की २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्टच बंद केला.

विकत घेतलेला खेळ गायब कसा होतो?

मेमरी स्वस्त झाली, तरी प्रश्न सुटला नाही. आता अडसर कागदाचा होता. पात्रं मार्व्हलची, खेळ कॅपकॉमचा. करार संपला की विक्री थांबते. दुसरा भाग, 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २', २००९ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर डाऊनलोडसाठी आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दुकानातून उतरवला गेला. २०२१ मध्ये चाहत्यांनी तो परत आणा म्हणून समाजमाध्यमांवर हॅशटॅग चालवला. पायरसीला नावं ठेवणं सोपं आहे. पण पैसे हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी खेळ विकतच नसेल, तर त्याने काय करायचं? आपला 'मुस्तफा' तर आणखी अडकलेला. मूळ कॉमिक दुसऱ्याचं, त्यामुळे २०२४ च्या संचात त्याच्याच वर्षीचा 'द पनिशर' आहे, तो नाही.

रत्नागिरीतल्या खेळाडूला काय मिळालं?

असा खेळ एकट्याने खेळण्यात मजा नाही. पार्लरमध्ये प्रतिस्पर्धी शेजारीच उभा असायचा. आता तो मुंबईत किंवा पुण्यात असतो, मध्ये काही शे किलोमीटर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं पळतात, म्हणजे एका चित्राला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. पूर्वीच्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत दोघांचाही खेळ थबकायचा. नव्या संचात 'रोलबॅक' आहे : यंत्र समोरच्याची पुढची हालचाल गृहीत धरून खेळ चालू ठेवतं आणि अंदाज चुकला, तर काही चित्रं मागे जाऊन दुरुस्ती करतं. लांबच्या, डळमळीत जोडणीवर याचा फरक हाताला जाणवतो.

मात्र एक गोष्ट खरेदीआधीच ठरवावी लागेल. वेगवेगळ्या यंत्रांवरचे खेळाडू या संचात एकमेकांशी भिडू शकत नाहीत. रत्नागिरीतल्याने पीसीवर घेतला आणि पुण्यातल्या मित्राने पीएस४ वर, तर दोघांची गाठ पडणार नाही.