विदर्भ संघाचे दूरचे पाठीराखे

देऊळगाव राजा हे विदर्भाचे पश्चिमेकडील टोक. जालना येथून हाकेच्या अंतरावर, तर नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर. बाजारासाठी, रेल्वेसाठी येथील माणूस जालन्याचीच वाट धरतो. क्रिकेटच्या नकाशावर मात्र या दोन गावांमध्ये सीमारेषा आहे. जालन्याचा मुलगा महाराष्ट्राच्या संघात जातो. २०१४ साली एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचे नेतृत्व करणारा विजय झोल तिथलाच. देऊळगावचा मुलगा विदर्भाचा. जिल्हा बुलढाणा म्हणून संघ विदर्भ, एवढ्याच धाग्यावर येथील क्रिकेटप्रेमींनी आपली निष्ठा टांगलेली आहे.

या निष्ठेला खाद्य फारसे मिळाले नाही. विदर्भाने रणजी स्पर्धेत १९५७-५८ च्या हंगामात पाऊल टाकले आणि पुढे साठ वर्षे अजिंक्यपद त्याच्या वाट्याला आले नाही. ऐन थंडीत क्रीडापानाच्या तळाशी बारीक अक्षरांतला धावफलक शोधावा, सामना अनिर्णित राहिला तरी समाधान मानावे, असा पाठीराख्यांचा नेम होता. सीमा ओलांडूनही दैव पालटले नसते म्हणा! महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ साली.

नंतर डिसेंबर २०१७ उजाडला. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात विजयासाठी १९८ धावा हव्या असलेला कर्नाटकाचा संघ १९२ धावांत बाद झाला. रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत सात बळी घेतले. अवघ्या पाच धावांनी मिळालेला हा विजय ज्यांनी साठ वर्षांचे धावफलक वाचले होते, त्यांनाच पुरता कळला असेल. पुढे इंदूरला गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने १३३ धावा काढल्या आणि फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गड्यांनी नमविले. पुढच्याच हंगामात करंडक राखला. २०२४ साली अंतिम सामन्यात मुंबईकडून १६९ धावांनी हार पत्करावी लागली, तरी २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरे अजिंक्यपद पदरात पडले.

वासिम जाफर, करुण नायर असे बाहेरचे खेळाडू आणून मिळविलेले यश आपले कसे, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस पटत नाही. फजल, गुरबानी, वाडकर हे विदर्भातच घडलेले खेळाडू आहेत आणि पाहुण्यांनी त्यांना बळच दिले. आमची तक्रार निराळी आहे.

दीर्घ प्रतीक्षेचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचा दाखला देतात. १९०८ नंतरचे अजिंक्यपद त्याला २०१६ साली लाभले. पण त्या शतकभरात शिकागोचा पाठीराखा आपल्या शहरातील मैदानावर जाऊन, संघाला डोळ्यांदेखत हरताना पाहून, त्याच्यावर चिडू तरी शकत होता. देऊळगावच्या पाठीराख्याला तेवढेही सुख नाही. विदर्भाचे घरचे सामने अलीकडे होतात ते नागपुरात, जामठ्याला किंवा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर. साखळी सामना पाहायचा तर चार दिवसांची रजा आणि मुक्कामाचा खर्च आला. करंडक तीनदा विदर्भात आला. संघ मात्र येथील बहुतेकांनी वृत्तपत्रात आणि पडद्यावरच पाहिला.

खेळपट्टी, निवास, प्रक्षेपण यांच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मान्य. परंतु विदर्भाचा सलामीचा फलंदाज अथर्व तायडे अकोल्याचा आहे. पश्चिमेकडील जिल्हे केवळ टाळ्या वाजविण्यापुरते नाहीत. विदर्भ क्रिकेट संघटनेने हंगामातील निदान एक साखळी सामना अकोला किंवा अमरावतीस द्यावा. ते तूर्त जमत नसेल, तर कुमारांचे सामने बुलढाणा जिल्ह्यात घ्यावेत आणि प्रवेश खुला ठेवावा. पुढील हंगामाचा कार्यक्रम आखतानाच हा निर्णय व्हावा.