तपासणाऱ्याची खुर्ची

माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळतेय. मी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत वाढले. विडी कामगार बायकांसाठी बांधलेली ही दहा हजार घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यांच्या वाटपाला आले होते.

आई ब्रँचला विड्या घेऊन जाते. टेबलामागचा माणूस विड्या दाबून बघतो, काही बाजूला टाकतो. टाकलेल्यांची मजुरी मिळत नाही. आईने तीन ब्रँच बदलल्या, तिन्हीकडे टेबलामागे पुरुषच होता. एकदा तर विशीतला पोरगा, ज्याने जन्मात विडी वळली नव्हती.

"तुला का नाही बसवत तिथं?" मी विचारलं.

"तिथं बायका बसत नसतात."

का? म्हणे बायकांना हिशेब जमत नाही. गल्लीतल्या वीसजणींची भिशी आईच चालवते, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. मग म्हणतात, घरी बसून काम म्हणजे बाईची सोयच की! सोय आहेच. पोरं सांभाळत, स्वयंपाक उरकत हजार विड्या होतात. पण या सोयीत बढती नसते. पहिल्या दिवशी हजारी मजुरी, पस्तीस वर्षांनीही हजारी मजुरीच. कालच शिकलेल्या पोरीला जो दर, तोच आईला.

२०१३ च्या कंपनी कायद्यामुळे शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक बाई घ्यावी लागते. चांगलंच झालं. आपणही मोबाईलवर त्याच वरच्या खुर्च्यांचे रील्स शेअर करतो. ब्रँचमधल्या लाकडी खुर्चीबद्दल कोण बोलणार?

'हळूहळू होईल' हे मला सांगू नका. आमच्या वसाहतीला जिचं नाव आहे, ती गोदूताई किसान सभेची पहिली महिला अध्यक्ष. सभा १९३६ ची, त्या अध्यक्ष झाल्या १९८६ ला. कष्टकऱ्यांच्या संघटनेलाही पन्नास वर्षं लागली. आईकडे तेवढा वेळ नाही.

मागणी साधी आहे. तपासणाऱ्याची जागा रिकामी झाली की आधी वळणाऱ्या बायकांना विचारा, आणि महिन्याचा पगार द्या. विडीचा धंदा आज ना उद्या बंद पडेल, हे मलाही कळतं. पण उद्या याच बायका शिलाईच्या युनिटमध्ये गेल्या आणि तिथेही सुपरवायझर पुरुषच असला, तर फक्त तंबाखूचा वास गेला म्हणायचं.