कुराण न वाचताच कुराणावर किती बोलणार?



दिवा सोडलं की मुंब्रा येतं. कल्याण-डोंबिवलीतली आपली पोरं रोज या स्टेशनावरून ठाण्याला जातात. कुराणात काय लिहिलंय यावर त्यांचं मत एकदम ठाम असतं, पण ते उघडून पाहिलेला क्वचितच भेटतो. मत येतं व्हॉट्सअॅपवरून. नवव्या सूरेची पाचवी आयत, खाली तलवारीचं चित्र. करार मोडणाऱ्या अरबस्तानातल्या टोळ्यांचा संदर्भ गायब, आणि लगेच पुढची सहावी आयत तर कोणी पाठवतच नाही. त्यात, शत्रूपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा, असं सांगितलंय.

दुसरी बाजू स्टेजवरची. 'इस्लाममध्ये जातच नाही' म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. 2018 ला वंचित आणि एमआयएम एकत्र आले, 2019 च्या विधानसभेआधी वेगळेही झाले. त्या काळात एकमेकांचे झेंडे खांद्यावर घेतले, पण एकमेकांचे ग्रंथ किती जणांनी हातात घेतले?

बाबासाहेबांनी घेतले. येवल्याची घोषणा 1935 ची, धम्मदीक्षा 1956 ची. मधल्या 21 वर्षांत त्यांनी धर्म तपासले. 1940 च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथाचे तुकडे हल्ली संघवाले आपल्यालाच पाठवतात. पण त्याच ग्रंथात बाबासाहेब 1901 च्या जनगणनेतून बंगालमधल्या मुसलमानांचे अश्रफ, अजलफ, अर्झल हे थर मांडतात. ग्रंथात काय आहे हा एक प्रश्न आणि समाज कसा जगतो हा दुसरा, ही त्यांची रीत. हिंदू समाजालाही त्यांनी हीच फूटपट्टी लावली.

हा निव्वळ अभ्यासाचा विषय नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला, 1956 ला शिखांना. आपल्याला केंद्राच्या सवलतींसाठी 1990 उजाडावं लागलं. तोवर आपल्याला काय ऐकवलं जायचं? बौद्ध धम्मात जात नाही, मग सवलत कशाला? आज दलित मुस्लिमांना आणि ख्रिश्चनांना हेच ऐकवतात. 2022 मध्ये त्यासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणजे स्टेजवर टाळ्या घेणारं वाक्य सरकारी फाइलीत जाऊन एखाद्या हलालखोराच्या पोराची शिष्यवृत्ती अडवतं. चौतीस वर्षं हे भोगलेल्यांनी तरी ते वाक्य तोंडात घेऊ नये!

तर वाचायला घ्या. मराठी भाषांतरं मिळतात. विनोबांचं 'कुराणसार' चांगलं आहे, पण निवड विनोबांची आहे. आपल्याला अख्खं पुस्तक हवं. एकूण 114 सूरा. पहिली फातिहा सात आयतींची, दुसरी बकरा थेट 286 आयतींची. नवखा तिथेच पुस्तक मिटतो. सूरांचा क्रम काळानुसार नाही, साधारण लांब आधी आणि लहान नंतर असा आहे. म्हणून शेवटच्या भागापासून सुरुवात करा. तिथल्या बहुतेक सूरा मक्केच्या सुरुवातीच्या काळातल्या आहेत. अनाथाला हाकलणारा, मापात मारणारा, गुलाम सोडवायला कचरणारा, यांच्यावर थेट रोख आहे. फुल्यांनी 'मानव महंमद' का लिहिलं असेल, ते तिथे समजायला लागतं.

मग मदिनेच्या काळातल्या सूरांकडे या. वारसा, तह, लढाई, लग्न. चौथ्या सूरेची 34 वी आयत नवऱ्याला बायकोवर अधिकार देते; तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायला अजिबात लाजू नका. गुलाम सोडवणं पुण्याचं, पण गुलामी रद्द केलेली नाही, हेही टिपा. मनुस्मृती वाचताना चिकित्सा आणि कुराण वाचताना संकोच, असं चालणार नाही. मैत्रीत एवढं बोलता आलं पाहिजे.

एकटे वाचू नका. 49 व्या सूरेची 13 वी आयत सगळी माणसं एका स्त्री-पुरुषापासून झाली म्हणते. ती वाचून भिवंडीत यंत्रमाग चालवणाऱ्या अन्सारीला विचारा, सय्यदांच्या घरात तुमची सोयरीक होते का? मुस्लिम ओबीसी चळवळीतले कार्यकर्ते याचं उत्तर मौलवीपेक्षा मोकळेपणाने देतात.

आणि विहाराच्या वाचनालयात एक प्रत ठेवा. विहारात कुराण कशाला, असं कोणी म्हणालंच, तर त्याला विचारा की बाबासाहेबांनी राजगृह पुस्तकांसाठी बांधलं, ते काय फक्त एकाच धर्माच्या पुस्तकांसाठी?